ड्रॅगनला माफी, पेशव्यांना पुरावा

वाचनालयातली ऐतिहासिक कादंबरी घरी आणली की मी आधी समास वाचतो आणि मग मजकूर. लढाया समासातच जास्त असतात. पेशव्यांनी पुण्याहून कूच केलं त्या ओळीशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ‘तिथी चूक.’ त्याखाली निळ्या शाईत दुसरं अक्षर, ‘तिथी बरोबर, वार चूक.’ त्याखाली तिसरा, ‘दोघांनीही रियासत वाचावी.’ आणि तळाशी लाल शाईत, ठसठशीत, ‘वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये.’ हेसुद्धा पुस्तकातच.

पुढे एखाद्या प्रकरणात श्रीमंतांना बरं नसतं. रात्री ते थोडं दूध घेतात आणि पेला खाली ठेवतात. समासात लगेच, ‘याला आधार काय?’ म्हणजे दुधालाही आधार हवा. ते गाईचं की म्हशीचं, हे विचारायचं राहिलं एवढंच.

आता हाच वाचक घरी पोरांच्या कपाटातलं एखादं जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलतो. त्यात सुरुवातीलाच मेलेली माणसं निळ्या डोळ्यांनी उठून चालू लागतात. पुढे ड्रॅगन येतो, आग ओकतो, अख्ख्या सैन्याचा कोळसा करतो. वाचक जांभई देतो आणि पान उलटतो. समास कोरा. ड्रॅगनच्या पोटात आग कशी पेटते, काय खाऊन पेटते, स्वतःचा घसा का भाजत नाही, आधार काय, काही नाही. ड्रॅगनला सगळं माफ. पुराव्याची कागदपत्रं घेऊन हजर राहायचं ते फक्त पेशव्यांनी.

हे असं का, याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे. विचार करायला आमचं गाव सोयीचं आहे.

मी मासवणचा. पालघरहून मनोरकडे निघालात की वाघोबा खिंड उतरून सूर्या नदीच्या अंगानं आमचं गाव लागतं. अद्भुत कादंबऱ्यांत नदीकाठी पऱ्या राहतात, आमच्या नदीकाठी पंप राहतात. इथलं पाणी पाइपातून थेट वसई-विरारपर्यंत जातं. वसई घ्यायला चिमाजीअप्पांना 1737 ते 1739 अशी दोन वर्षं लागली. आमची सूर्या रोज वसई गाठते, पण तिच्यावर कुणी दोन ओळी खरडलेल्या नाहीत.

खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. वारली मंडळींचा तो देव, पण रस्त्यानं जाणारा कुठल्याही जातीधर्माचा ड्रायव्हर तिथं हॉर्न देतो आणि जमेल तसा हात जोडतो. एकदा मी एसटीत पुढच्या सीटवर बसून असंच एक परदेशी पुस्तक वाचत होतो. कंडक्टरनं तिकीट देता देता मुखपृष्ठावर वाकून पाहिलं.

“काय ओ हे?”

“ड्रॅगन. आग ओकतो, उडतो, माणसाशी बोलतो.”

“हॅ! पोरांचं पुस्तक,” म्हणून तो हसला. तेवढ्यात खिंड आली. त्यानं टोपी काढली, वाघोबाला नमस्कार केला आणि मागे वळून आम्हा सगळ्यांना दटावलं, “हात बाहेर काढू नका, देवाची जागा आहे.”

त्याच्या बाजूनं सांगायचं तर, आमच्या डोंगरात बिबट्या खरोखर दिसतो आणि ड्रॅगन अजून कुणालाच दिसलेला नाही. जो आपल्या रस्त्यावर आहे त्याच्याशी माणूस जपून वागतो. बाकीचे उडोत की आग ओकोत.

पालघरच्या एका वाचनालयात पूर्वी पुस्तकं विषयवार लावलेली असत. मग कुणीतरी सुधारणा केली आणि सगळी कपाटं अकारविल्हे झाली. सुधारणेचे परिणाम दूरगामी झाले. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’शेजारी मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणलेला टॉल्किनचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ येऊन बसला. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’पासून हातभर अंतरावर अमीश त्रिपाठींचे ‘मेलुहाचे मृत्युंजय’ आले. ‘स्वामी’तले थोरले माधवराव आणि टॉल्किनचा जादूगार गॅन्डाल्फ एकमेकांना पाठ टेकून उभे राहिले, आणि दोघांनाही आपण कुठे आलो ते कळेना.

आमच्या शेजारचे तात्या निवृत्त तलाठी. ऐतिहासिक सोडून दुसरं काही वाचत नाहीत. त्यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ उचललं. पेशव्यांच्या शिक्क्यांवरचं काहीतरी असणार, अशा समजुतीनं घरी नेलं. पेशवे आता येतील, मग येतील, करत पहिला खंड संपवला आणि मग, काढलेलं काम अर्धवट टाकायचं नाही या सरकारी सवयीनं उरलेलेही वाचले. परत करायला निघाले तेव्हा मी त्यांना गाठलं.

“कसं वाटलं तात्या?”

“तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा आवडला. रामशास्त्र्यांसारखा तोंडावर बोलतो.”

“पण तो मरतो आणि परत येतो की.”

“तपश्चर्या असेल त्याची.”

“आणि ती चालणारी झाडं?”

“जुनं जंगल आहे. असतील.”

“म्हणजे सगळंच पटलं म्हणायचं.”

तात्या खुर्चीत पुढे सरकले. तलाठ्याचा आवाज लागला. “एक सोडून. शिधा! नऊ माणसं घरदार सोडून निघाली. महिनोन्‌महिने चालताहेत. सामानाला एक तट्टू, तेही अर्ध्या वाटेत सोडून दिलं. मी चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला पायी जातो. एका रात्रीची वाट, तरी प्रत्येकाच्या पाठीवर पिशवी असते. यांचा तांदूळ कुणाच्या डोक्यावर होता, ते लिहिलंय कुठे?”

“अहो, त्यांच्याकडे पानात गुंडाळलेली जादूची भाकरी असते. एक तुकडा खाल्ला की दिवसभर चालता येतं.”

“जादूची कसली, पानगी ती! आणि पानगीवर माणूस दुपारपर्यंत टिकत नाही, हे मी लिहून देतो.”

भुतं सोडली, झाडं सोडली, मेलेला माणूस उठून आला तोही सोडला आणि तात्या अडले ते तांदळावर. कारण जगातल्या भुतांबद्दल त्यांना फारशी माहिती नाही, पण पायी चालणाऱ्या माणसाला किती भूक लागते हे पक्कं ठाऊक आहे. माझ्या कोड्याची किल्ली मला तिथं सापडली. पण कुलूप उघडण्याआधी या दोन प्रकारच्या पुस्तकांची बाधा झालेल्या माणसांविषयी थोडं सांगायला हवं, कारण आमच्या भागात दोन्हीची साथ येते.

ऐतिहासिक कादंबरीची बाधा जिभेला होते. ‘श्रीमान योगी’ किंवा ‘राऊ’ वाचून उठलेला माणूस आठवडाभर सरळ बोलत नाही. सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून “चहाची आज्ञा व्हावी” म्हणतो. आतून उत्तर येतं, “श्रीमंतांनी आधी सिलिंडर लावावा.” बोईसरच्या एमआयडीसीत कामाला असलेले माझे एक मित्र कंपनीच्या बसमध्ये जाता-येता अशा कादंबऱ्या वाचतात. त्या भरात त्यांनी एकदा रजेच्या अर्जात लिहिलं, ‘स्वारी दोन दिवस गावी जाऊ इच्छिते.’ साहेबही वाचणारे निघाले. त्यांनी शेरा मारला, ‘नामंजूर. ऑडिटचा गनीम वेशीवर आहे.’

‘मृत्युंजय’ची बाधा आणखी वेगळी. 1967 साली आलेल्या या कादंबरीत कर्ण, शोण, दुर्योधन, कुंती, वृषाली आणि श्रीकृष्ण आपापली बाजू स्वतः सांगतात. सगळं घर ते पुस्तक पाठोपाठ वाचत असेल तर त्या घरात भांडण होत नाही, नुसती मनोगतं होतात. साधं दूध उतू गेलं तरी आधी सासूचं मनोगत, मग सुनेचं, मग ‘मी त्या वेळी नदीवर होतो’ अशी सुरुवात करून सासऱ्याचं. प्रत्येक जण सूर्याकडे बघून बोलतो. दूध पुसायला कुणी उठत नाही.

शिवाय ऐतिहासिक नायकांच्या काही सवयी वाचकाला लागतात. हा नायक गवाक्षात उभा राहतो. मावळत्या सूर्याकडे पाहतो. पाहता पाहता त्याला जन्मापासूनचं सगळं आठवतं, आणि ते आठवून होईपर्यंत चारशे पानं उलटलेली असतात, तरी सूर्य बिचारा मावळायचा थांबलेला असतो. समया कायम तेवत असतात, तेल कोण घालतं ते कळत नाही. नायकाला जेवणात रस नसतो. ताट समोर येतं तेवढ्यात हेर येतो. एकाही हेरानं आजवर जेवण उरकल्यावर येण्याचं सौजन्य दाखवलेलं नाही. मी एकदा आमच्या गच्चीत तसा उभा राहून पाहिलं. समोर काळदुर्गाचा तो चौकोनी कातळ, मागे तांबडं आभाळ, अगदी जुळून आलं होतं. पण काही आठवायच्या आतच डासांनी हल्ला केला. इतिहासात डास नसावेत.

अद्भुत कादंबरीची बाधा मात्र जिभेला न होता हाताला होते. असल्या पुस्तकांत पहिल्या पानावर नकाशा असतो, म्हणून वाचणारं पोर नकाशे काढू लागतं. माझ्या भाच्यानं आमच्या तालुक्याचा असा नकाशा केला होता. सूर्या नदीला त्यानं ‘चंदेरी सर्पिणी’ केलं. वाघोबा खिंडीला हात लावला नाही, तिथं फक्त ‘इथं हॉर्न द्यावा’ असं लिहिलं. मनोरच्या हायवेवर ‘लोखंडी राक्षसांचा मार्ग’. बोईसरच्या एमआयडीसीवर काळा धूर काढून ‘दुष्ट राजाची भूमी’ लिहिलं, त्यावरून त्याच्या वडिलांना राग आला, कारण ते तिथंच नोकरी करतात. तारापूरला, जिथं 1969 पासून अणुवीज तयार होते, तिथं त्यानं मोठा गोल काढून आत लिहिलं, ‘आत काय चालतं ते कुणालाच माहीत नाही.’ तात्यांनी नकाशा चष्मा लावून पाहिला. ड्रॅगनच्या गुहेबद्दल अवाक्षर काढलं नाही. “मासवण आणि मनोरमधलं अंतर चुकलंय,” एवढंच म्हणाले.

बाधा कुठलीही असो, खरी कसोटी शेवटाला लागते. ऐतिहासिक कादंबरीचा शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. 14 जानेवारी 1761 ला काय झालं हे मराठी माणसाला शाळेत कळतं, पुढे दर संक्रांतीला आठवतं. तरी विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ हातात घेतल्यावर अर्ध्या वाटेवर मनात येतंच की भाऊसाहेबांनी या खेपेला तरी थोडं ऐकावं. विश्वासराव पडल्यावर हत्तीवरून उतरू नये. पुस्तक 1988 चं, लढाई त्याच्या दोनशे सत्तावीस वर्षं आधीची आणि वाचक अजून सल्ला देतो आहे.

‘स्वामी’चंही तेच. 1962 साली हे पुस्तक आलं आणि माझ्या मावशीच्या पिढीनं ते वाचून उशा भिजवल्या. थेऊरला माधवराव सत्ताविसाव्या वर्षी जातात आणि रमाबाई त्यांच्यामागे, हे पहिल्या पानापासून माहीत असून. याची झळ त्या पिढीच्या नवऱ्यांना लागली. आमचे काका म्हणायचे, “त्या माणसानं निजाम आवरला, हैदर आवरला, काका आवरला आणि सत्ताविसाव्या वर्षी मोकळा झाला. मी पासष्टीचा झालो तरी बाजारातून आणलेली कोथिंबीर बरोबर ठरलेली नाही. बरोबरी कशी करायची?”

याच मावशीला भाच्यानं एकदा ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची गोष्ट सांगितली. डोळे विस्फारून, हातवारे करून. राजा कसा मरतो, ज्याला आपण नायक समजतो त्याचंच डोकं कसं उडवतात, लग्नाच्या मांडवात पाहुण्यांची कशी कत्तल होते. मावशी मेथी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, “बरं, मग?” भाचा हिरमुसला. “मावशीआजी, धक्का नाही बसला?” तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. “नारायणराव पेशवा अठरा वर्षांचा होता रे. स्वतःच्या वाड्यात, भर दिवसा, गारदी मागे लागलेले, आणि तो धावत जाऊन काकाला मिठी मारतो. धक्का कसला बसवतोस मला?” 1773 च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात झालेला तो प्रकार जिनं लहानपणापासून ऐकलाय, तिला सात राज्यांचं काय कौतुक? “आणि पुढे काय होतं?” तिनं विचारलं. भाचा म्हणाला, “लेखकानं पाचवा भाग 2011 मध्ये काढला, सहाव्याची सगळे वाट बघताहेत.” मावशीनं पुन्हा मेथी उचलली. “आमचे इनामदार, देसाई असं लोंबकळत ठेवायचे नाहीत हो कुणाला.”

खरं तर मराठीत ही दोन घराणी पहिल्यापासून एकाच वाड्यात नांदत आली आहेत. रिसबुडांची अद्भुतरम्य ‘मंजुघोषा’ 1868 ची, तर पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 ची. मध्ये फक्त तीन वर्षं. नाथमाधवांनी तर एकाच हातानं दोन्ही लिहिलं. ‘वीरधवल’सारखी अद्भुत कादंबरी त्यांचीच, आणि शिवकालावरची स्वराज्याची माळही त्यांचीच. सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडून ते कायमचे अधू झाले होते, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसानं महाराष्ट्राला डोंगरदऱ्यांतून उड्या मारायला लावल्या. त्यांच्या वाचकानं कुठल्या गडाला पुरावा मागायचा आणि कुठल्या गुहेला मागायचा नाही, हे ठरवलं कसं असेल?

ठरवत नसेलच. तेव्हाही जे आपलं वाटेल त्यालाच मागत असेल. सरदाराच्या पगडीत चूक काढणारा वाचक भांडखोर असतोच, पण त्याहून जास्त म्हणजे तो घरचा माणूस असतो. ‘राऊ’वरून 2015 साली ‘बाजीराव मस्तानी’ निघाला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, यावर महाराष्ट्र आठवडेच्या आठवडे बोलत होता. 2025 साली ‘छावा’ चित्रपटातलं लेझीम लोकांच्या नाराजीनंतर काढलं गेलं. लग्नाच्या व्हिडिओत आपल्या आत्याला कुणी भलत्याच गाण्यावर नाचवलं तर आपण जसे उठून उभे राहू, तसे लोक उठले. ड्रॅगन काय, कुठल्याही गाण्यावर नाचो. तो कुठे आपल्या आत्याचा कोण लागतो?

ज्याच्याशी नातं असतं त्यालाच आपण जाब विचारतो. या न्यायानं माझाही एक जाब आहे, आणि तो मी समासात न लिहिता इथंच लिहितो. एवढ्या आठ-आठशे पानांच्या पेशवाई कादंबऱ्या, पण आमचा पालघर त्यांत सापडत नाही. वसईचा वेढा असतो, चिमाजीअप्पा असतात. पण त्याआधी, 1739 च्या जानेवारीत, माहीम, शिरगाव, तारापूर एकामागोमाग एक पडले, ते जाता जाता एका ओळीत उरकतात. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर पडले. बाजीरावांच्या अगदी जवळचा, घरच्यासारखा माणूस. आज तिथं किनाऱ्यावर किल्ला आहे आणि जवळच अणुभट्टी. एवढं नाट्य इतक्या जवळ पडलेलं असताना कादंबरीकार पुन्हा पुन्हा शनिवारवाड्याच्या गवाक्षात जाऊन उभे राहतात.

आणि अद्भुत हवं असेल तर जव्हार आहेच. मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा. बैलाच्या कातड्यानं झाकेल एवढीच जमीन द्या, असं त्यानं मागितलं. समोरच्याला वाटलं, एवढीशीच ना, घे. जयबानं कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला. हुबेहूब हीच गोष्ट आफ्रिकेतलं कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीचीही सांगतात. जव्हारच्या जयबाची गोष्ट इंग्रजांनी मुकाट गॅझेटियरमध्ये छापली. म्हणजे सरकारी पुस्तकात अद्भुत आणि कादंबरीत दुधाच्या पेल्याला आधार, असा आपला कारभार. तात्यांना मी जयबाची गोष्ट सांगितली. निवृत्त असले तरी तलाठी जागा झाला. “एका कातड्याच्या पट्टीनं एवढी मोजणी होणार नाही,” ते म्हणाले. “हद्दीच्या खुणा दाखव. आणि शेजारच्या खातेदारांच्या सह्या कुठायत?”

तेव्हा आता मीच लिहायला बसावं म्हणतो. सूर्येच्या काठी घडणारी कादंबरी. त्यात वाघोबा बोलेल, काळदुर्गाच्या कातळात दार असेल आणि ते वाघबारसेच्या रात्रीच उघडेल, तारापूरच्या किल्ल्यात बाजी भिवराव आपल्या तुकडीसह अजून पहारा देत असतील. अणुभट्टीखाली ड्रॅगन झोपलेला असेल, त्याच्यामुळेच वीज तयार होते हे कुणालाच माहीत नसेल. सुरुवातीची काही प्रकरणं मी ओट्यावर तात्यांना, मावशीला आणि भाच्याला वाचून दाखवली. बोलणाऱ्या वाघाला कुणी हरकत घेतली नाही. कातळातल्या दाराला नाही, पहाऱ्यावरच्या मृत सैनिकांना नाही, झोपलेल्या ड्रॅगनलाही नाही. मी सुखावलो. मग नायक सकाळी सातच्या एसटीनं मासवणहून निघून वीस मिनिटांत पालघर स्टेशनात पोचला आणि चर्चगेट लोकल पकडली, हे वाक्य आलं. तिघंही एकदम उसळले. खिंडीत ट्रक अडकलेला असतो, सातची गाडी कधी सातला येत नाही, आणि त्या लोकलला चढायला मिळतंय होय! भाचा म्हणाला, “मामा, काहीही काय लिहितोस?” तात्यांनी खिशातून पेन्सिल काढली, माझ्या हातातलं हस्तलिखित घेतलं आणि समासात पहिला शेरा लिहिला, ‘आधार काय?’

माझी कादंबरी गावानं स्वीकारली.